उजव्या काठाची मोकळी जागा

प्रबंधाचा साचा मला आयता मिळाला. आयतं मिळालेलं काहीही मुकाट्याने वापरायची मला सवय नाही. थोरल्या बहिणीचे फ्रॉकसुद्धा मी कंबरेत उसवून, हवे तसे करून घातले आहेत. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष कुणी साच्याला देऊ नये.

साचा म्हणजे एक फाईल. आमच्या मराठी विभागात ती पेन ड्राइव्हवरून एका संशोधकाकडून दुसऱ्याकडे जात आलेली. गणित विभागातल्या कुणीतरी फार पूर्वी लाटेक नावाच्या अक्षरजुळणीच्या पद्धतीत तो साचा बांधला, मग आमच्याकडच्या कुणीतरी त्यात देवनागरी बसवली, आणि तेव्हापासून जो तो आपला मजकूर त्यात ओतत गेला. ह्या पद्धतीत पान डोळ्यांनी बघून जुळवायचं नसतं. मजकुरात मधेमधे आज्ञा लिहायच्या, इथे प्रकरण सुरू कर, इथे तळटीप घाल, की छापील पुस्तकासारखं पान तयार होऊन बाहेर येतं. समास, पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका सगळं ज्याच्या त्याच्या जागी. माझ्या मार्गदर्शक सरांनी पेन ड्राइव्ह हातात देतानाच बजावलं होतं, "ह्यात फक्त मजकूर घालायचा. फॉरमॅटला हात लावायचा नाही."

सर स्वभावाने वाईट नव्हते. शर्टाची वरची गुंडी लावून बसणारे, प्रत्येक शब्द तोलून बोलणारे, आणि निवृत्तीला आलेले. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. शेवटच्या वेळी काही गडबड नको, एवढीच त्यांची इच्छा होती. गडबड नको असलेल्या माणसाने मला विद्यार्थिनी म्हणून घ्यायला नको होतं, पण ते त्यांना उशिरा कळलं.

माझा विषय होता शिव्या. शीर्षकात त्याला 'लोकगीतांतील प्रतिवादात्मक रचना' असं सोवळं नेसवलं होतं, पण आत शिव्याच होत्या. आमचं गाव धुळे जिल्ह्यात, सोनगीरच्या बाजूला, नदीकाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, गौराई बसवतात. गौराई बोळवायला नदीवर नेली की ह्या काठावर आमच्या गावच्या बाया उभ्या राहतात, त्या काठावर समोरच्या गावच्या, आणि मधे तापलेली वाळू. मग गाण्यातून एकमेकींच्या गावाचा उद्धार सुरू होतो. गावचा पाटील, विहिरीचं पाणी, जावई, म्हशी, काहीही सुटत नाही. नियम एकच आहे. शिवी आली की गाण्यातच उत्तर द्यायचं, तेही लगेच. ज्या काठाला उत्तर सुचलं नाही तो हरला, आणि मग पुढच्या आखाजीपर्यंत बाजारात भेटल्यावर त्या गावच्या बायांनी मान खाली घालून जायचं.

आमच्या काठाची पुढारीण म्हणजे माझी थोरली मावशी. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. एरवी ती हळू बोलते, देवळात चप्पल काढतानासुद्धा आवाज करत नाही. नदीवर मात्र तिचा आवाज असा सुटतो की पलीकडची म्हातारी माणसं खाटेवर उठून बसतात. तिच्या आणि पलीकडच्या बायांच्या गाण्यांचं मी काही वर्षं ध्वनिमुद्रण केलं होतं. तेच माझं सगळं भांडवल.

आता साच्याची गंमत सांगते. त्यात 'परिशिष्ट : संकलित सामग्री' असं एक दालन तयारच होतं. गाणी तिथे टाकली की साचा ती पहिल्या अक्षराप्रमाणे आपोआप क्रमाने लावायचा आणि बारीक टायपात, एकाखाली एक, प्रबंधाच्या शेवटी छापायचा. मी मुकाट्याने टाकून पाहिली. पान सुबक आलं. इतकं सुबक की मला रडू यायचं बाकी राहिलं. अक्काने म्हटलं होतं:

तुन्हा गावना पाटील
त्याले मिशा नई धड,
म्हैस देखीसन पळस
त्याना घरमा रडारड.

त्यावर पलीकडून तिथल्या तिथे आलं होतं:

आमना पाटीलनी म्हैस
दूध देस घागरभर,
तुन्हा पाटील ताक मांगाले
ऊना आमना दारवर.

तुमचा पाटील म्हैस पाहून पळतो, ही शिवी; आमची म्हैस घागरभर दूध देते, तुमचाच पाटील ताक मागायला आमच्या दारात आला, हे उत्तर. साच्याने ह्यातलं पहिलं 'त'मध्ये नेलं आणि दुसरं 'आ'मध्ये. उत्तर आधी, शिवी पंधरा-वीस पानांनंतर. भांडणाचा पार भुसा झाला होता. कोण कुणाला काय म्हणालं, कोण चिडलं, कोण हसलं, काहीच कळेना. एखाद्या घरातली सगळी माणसं वेगवेगळ्या खोल्यांत कोंडावीत तसं ते दिसत होतं. वर पुन्हा टाईप असा बारीक की वाचणाऱ्याने ह्या बायांकडे लक्ष दिलं नाही तरी चालेल, असं साच्याने परस्पर ठरवून टाकलेलं.

मला राग आला. माझा राग मोठा आहे आणि तो टिकतोसुद्धा. मी तेव्हा धुळ्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि विद्यापीठासाठी जळगावला पिंप्राळ्यात खोली घेऊन राहत होते. एसटीत बसून तोच विचार करायचे. शेवटी गणित विभागातल्या मैत्रिणीला गाठलं. ती स्वतः प्रबंध लिहीत होती आणि लाटेक तिच्या हातचा मळ होता.

"मला पानाला दोन काठ पाहिजेत," मी तिला म्हटलं. "डावीकडे आमचा, उजवीकडे पलीकडचा. शिवी डावीकडे आली की तिच्या बरोबर समोर उत्तर. मोठ्या टायपात, प्रकरणाच्या आत. आणि माझं विवेचन खाली."

तिने हातातलं काम थांबवलं. "सरांना विचारलंस?"

"नाही."

"मग बस," ती म्हणाली आणि खुर्ची सरकवली.

दोन रकाने समोरासमोर धरून ठेवणारी एक पुरवणी असते, ती तिने साच्याला जोडून दिली. साच्याने आधी थयथयाट केला. बटण दाबलं की लाल अक्षरांत चुकांची रांग. ओळ रकान्यात मावली नाही की समासात काळा ठोकळा उमटायचा. 'ऱ्हायनी'सारखा शब्द आला की त्यातला 'ऱ्ह' मोडून पडायचा. मी एकेक दुरुस्त करत गेले. शेवटी पहिलं पान नीट जुळून आलं. डावीकडे अक्का उभी होती, उजवीकडे पलीकडच्या, आणि मधे पांढरी वाळू. मैत्रिणीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिला अहिराणी येत नाही, ती यावल रावेरकडची, तिकडची बोली वेगळी. तरी उजव्या रकान्यात पोचल्यावर ती खुदकन हसली.

सगळी भांडणं जुळली, शेवटचं सोडून.

शेवटचं भांडण मी सगळ्यात अलीकडच्या आखाजीला ध्वनिमुद्रित केलं होतं. त्या वर्षी पलीकडची पुढारीण नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडावरच ती वारली होती. तिच्या सुना आल्या होत्या, पोरी आल्या होत्या, हातात मोबाईल धरून आमचं चित्रण करत उभ्या होत्या. अक्काने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. पलीकडून दोन वेळा कसंबसं उत्तर आलं, मग हसण्याचे आवाज आले, मग तेही थांबले. तेव्हा अक्का चिडली आणि तिने हे म्हटलं:

तुन्हा काठ शे मुका
तठे बोलस नई कोनी,
आंडेर दिधी तुन्हा गावले
ती भी मौन धरी बठनी.

तुझा काठ मुका झाला, तुझ्या गावात दिलेली आमची लेकसुद्धा तोंड मिटून बसली, असा त्याचा अर्थ. पलीकडून काहीच आलं नाही. नियमाप्रमाणे आमचा काठ जिंकला. आमच्या बायांनी टाळ्या पिटल्या. अक्का मात्र गौराईची टोपली उचलून कुणाशी न बोलता घराकडे चालू लागली. मी मागे धावत गेले.

"अक्का, जिंकलो ना आपण?"

"आशी कशी जितनी?" ती म्हणाली. "समोर कोनी व्हतं का?"

घरी आल्यावर ती पाणी प्यायली, आणि मग माझ्या हातातल्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली, "तू हाई बठ्ठं पुस्तकमा लिखशी ना? लिख. पन मन्हा गानासमोर जागा सोडजो. उत्तर बाकी शे. ती जागा भरू नको आनि मिटू भी नको."

मी हो म्हटलं. अक्काने आजवर माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. म्हणून ती जागा राखणं हे माझ्या दृष्टीने पदवीपेक्षा मोठं काम झालं. हे मी आज म्हणते असं नाही, तेव्हाही सगळ्यांना तोंडावर सांगत होते.

साच्याला मोकळी जागा सहन होत नसे. उजवीकडे काही नसलं की तो वरच्या भांडणातलं उत्तर खाली ओढून तिथे बसवायचा. म्हणजे अक्काच्या शेवटच्या गाण्याला त्याने कुणाचंतरी भलतंच उत्तर देऊन टाकलं, ताकाचं की जावयाचं. मी त्याला पुन्हा पुन्हा हुसकावलं. शेवटी मैत्रिणीने एक आज्ञा शोधून काढली, तिचा अर्थ एवढाच की इथे काही नाही आणि ते तसंच राहू दे. ती आज्ञा लिहिली तेव्हा कुठे ते पान थाऱ्यावर आलं. डावीकडे चार ओळी, उजवीकडे कोरा कागद.

सरांनी प्रत पाहिली आणि मला बोलावून घेतलं. टेबलावर ते पान उघडंच होतं.

"हे काय?"

"गाणी आहेत सर."

"गाणी परिशिष्टात जातात. हा फॉरमॅट आहे."

विद्यापीठाची नियमावली मी पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यात कागद, समास, टाईप, मुखपृष्ठाचा रंग, सोनेरी अक्षरं असलं सगळं होतं. गाणी कुठे घालावीत ह्याबद्दल एक ओळ नव्हती. सरांनी ती चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, "आजवर सगळ्यांनी असंच केलं आहे."

"सर, सगळ्यांनी अजून एक केलं आहे," मी म्हणाले. साच्यात ऋणनिर्देशाचं पान तयार येतं. पहिल्या कुणा विद्यार्थ्याने त्यात पिंप्राळ्याच्या मावशींचे आभार मानले होते, त्यांनी वेळोवेळी डबा दिला म्हणून. पुढच्यांना वाटलं हासुद्धा फॉरमॅटच. त्यांनी वरची नावं बदलली आणि मावशींना हात लावला नाही. रोज धुळ्याहून घरचा डबा घेऊन येणाऱ्यांनीसुद्धा पिंप्राळ्याच्या मावशींच्या ऋणात राहणं पसंत केलं आहे. ग्रंथालयात जाऊन मी ते प्रबंध पाहिले होते. "तुम्ही प्रत्येकावर सही केली आहे सर. ह्या मावशी कोण?"

सर हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. खिडकीकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "मी पिंपळनेरकडचा. तुला माहीत नसेल. तरुणपणी पुण्याला मुलाखतीला गेलो होतो. एका प्रश्नाला घाईत 'आहे'च्या जागी आपल्या अहिराणीतलं 'शे' म्हणून गेलो. समोरचे तिघंही हसले. वाईट माणसं नव्हती ती, पण हसले. त्यानंतर मी तोंडातून ती बोली जाऊ दिलेली नाही. तुझा परीक्षक तिकडचाच येणार आहे. प्रकरणाच्या मध्यात, एवढ्या मोठ्या अक्षरांत ह्या बाया बोलताना पाहून तो काय करेल, हे मला ठाऊक आहे. मागे बारीक टायपात ठेवलं तर तो बघणार नाही. मी तुला वाचवतो आहे."

मला त्यांचं वाईट वाटलं. आणि त्याच वेळी संताप आला. दोन्ही एकदम येतं तेव्हा माझा आवाज चढतो.

"सर, तो हसू दे. ही गाणी हसायसाठीच आहेत. पण कुणावर हसायचं ते ह्या बाया ठरवतात, परीक्षक नाही."

"आणि ही मोकळी जागा? ती तरी मिटव. वाचणारा म्हणेल छपाईची चूक."

"ती मिटणार नाही."

"सही केली नाही तर?"

"नका करू. दुसरे मार्गदर्शक मिळाले नाहीत तर प्रबंध माझ्याकडे राहील. ह्या पानासकट."

हे मी अगदी खरं बोलत होते. इतक्या वर्षांचं काम, तासिकांवरची नोकरी, घरच्यांचं 'अजून किती' असं विचारणं, सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं. सरांनी ते पान मिटलं. प्रत त्यांनी ठेवून घेतली. आठवडाभराने परत दिली तेव्हा सही होती, आणि सोबत माझ्याकडून लिहून घेतलं की मांडणीतल्या बदलांची जबाबदारी सर्वस्वी माझी. मी ते आनंदाने लिहिलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलं.

मौखिकीच्या दिवशी दालन भरलं होतं. आमच्याकडे मौखिकी खुली असते, कुणीही येऊन बसावं. माझ्या घरून सगळे आले होते, भरीत-पुरीचे डबे बाहेरच्या टेबलावर रचून. अक्का एसटीने आली होती, नवं लुगडं नेसून, आणि मागच्या बाकावर मैत्रिणीच्या शेजारी बसली होती. तिला आत काय चालतं ह्याची उत्सुकता नव्हती. तिने आल्या आल्या मला एवढंच विचारलं होतं, "जागा सोडेल शे ना?" मी हो म्हटलं तेव्हा ती निवांत झाली.

बाहेरून आलेले परीक्षक बरे निघाले. त्यांनी अहवालात चांगलंच लिहिलं होतं, प्रश्नही सरळ विचारले. दोन रकान्यांची मांडणी आपल्याला आवडली असं म्हणाले. मी सरांकडे पाहिलं. ते समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. मार्गदर्शकाने मौखिकीत बोलायचं नसतं, आणि सर असले संकेत कधी मोडत नाहीत.

मग परीक्षकांनी पानं उलटत उलटत ते पान काढलं.

"इथे मात्र एक राहून गेलंय," ते म्हणाले. "उजवा रकाना कोरा सुटला आहे. छपाईतली चूक दिसते. अंतिम प्रतीत हे पान जुळवून घ्या."

मी उत्तर तयार ठेवलं होतं, तळटिपेसकट. तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी ग्लास बाजूला सरकवला.

"चूक नाही ती," ते म्हणाले. त्यांनी तळहात टेबलावर ठेवला, दोन वेळा हळूच थोपटला, आणि कुणाकडेच न बघता म्हणू लागले. गायले नाहीत, पण चालही सोडली नाही.

आंडेर तुन्ही मुकी नई
ती आते आमनी व्हयनी,
तुन्हा शिव्या तुलेच देवाले
नव्या जोडी ऱ्हायनी.

तुझी लेक मुकी नाही, ती आता आमची झाली, आणि तुझ्याच शिव्या तुला परत द्यायला नव्या जुळवत बसली आहे. हे त्यांच्या आईचं होतं की प्रत घरी होती त्या आठवड्यात त्यांनी स्वतः जुळवलं, मी आजपर्यंत विचारलेलं नाही. त्यांची मान लाल झाली होती आणि वरची गुंडी तशीच लावलेली होती.

"हे काय आहे सर?" परीक्षकांनी विचारलं.

"उत्तर शे," सर म्हणाले.

मागच्या बाकाचा आवाज झाला. अक्का उभी राहिली होती. लुगड्याचा पदर तिने खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, घसा साफ केला, आणि एवढ्या माणसांतून सरळ सरांकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखते. नदीवर ती तसंच पाहते.

परीक्षकांनी प्रत मिटली आणि घड्याळाकडे नजर टाकली. "छान. मग आपण आता पुढच्या—"

"सर, जरा थांबा," मी म्हणाले. "आता पाळी आमच्या काठाची आहे."